चादरीवर ठेवलेला हात

अप्पा,

सोयाबीनचा वायदा अजून बंदच आहे. हरभऱ्याचाही. तुम्ही गेलात तेव्हा तुरीचा आणि उडदाचा नुकताच थांबवला होता, आणि तुमचं म्हणणं होतं की नवी तूर संपली की सरकार परत सुरू करील. केला नाही. मधल्या वर्षांत हरभऱ्याचा थांबला, सुरू झाला, पुन्हा थांबला, आणि त्याच्यामागोमाग सोयाबीनचाही थांबवला. आता बंदीची मुदत संपत आली की वरून नवा आदेश येतो आणि मुदत पुढे जाते. तुमच्या वेळी वायद्यांवर नजर ठेवणारी कचेरी वेगळी होती. ती आता शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेत मिसळून गेली आहे. हे सगळं मला माहीत असतं, कारण मी बाजार समितीच्या कचेरीत रोजचे भाव संगणकात भरतो, आणि असले आदेश सोप्या मराठीत करून मोंढ्याच्या ग्रुपवर टाकतो. टाकण्याआधी पुन्हा पुन्हा वाचतो. एखादा आकडा चुकला तर कुणीतरी त्या आकड्यावर पोती अडवून बसेल, ही भीती कायम असते.

हे कळवायला म्हणून लिहायला बसलो, असं मी स्वतःला सांगितलं. पण कळवण्यासारखं एवढंच होतं आणि ते संपलं. मला विचारायचं आहे. शेवटच्या त्या दिवसांत लोक तुमच्या डाव्या हातात बोटं देत होते आणि तुम्ही ती धरत होतात. तुम्ही त्यांना काय देत होतात? भाव, की नुसता हात? आणि तो हात मी चादरीखालून काढून उघड्यावर ठेवला, ते बरोबर केलं का? इतकी वर्षं झाली, हे दोन प्रश्न माझ्या उशापासून उठत नाहीत.

तुम्हाला ठाऊक असलेलंच आता पुन्हा लिहितो, कारण क्रमानं लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. तुम्ही तालुक्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दलाल होतात. अडत्या शेतकऱ्याचा माल विकून द्यायचा, डाळमिलचा खरेदीदार तो घ्यायचा, आणि दोघांमधला भाव तुमच्या उजव्या हातातून जायचा. कमिटीनं उघड हर्राशीचा नियम केव्हाच केला होता. भाव मोठ्यानं पुकारायचा, सगळ्यांदेखत. पुकारा व्हायचाही. पण पुकाऱ्याच्या आधी तुमच्या खांद्यावरचा पांढरा रुमाल दोन हातांवर पडायचा आणि खरं काय ते त्याच्याखाली ठरायचं. हजार किती ते सगळ्यांना माहीतच असायचं. पहिल्यांदा जितकी बोटं धरली तितके शेकडे, सोडून परत धरली तितके दहा, पंजा म्हणजे पाच. वर तुम्ही पावसापाण्याचं, कुणाच्या लग्नाचं बोलत असायचात, आणि खाली बोटं आपलं काम करत असायची. सौदा जमला की तुम्ही रुमाल झटकून खांद्यावर टाकायचात. तो झटकल्याचा आवाज अजूनही कधी कधी येतो. कचेरीत पंखा सुरू केला, की कागद फडफडतात तेव्हा मी मान वर करून बघतो.

दहावीत माझं इंग्रजी गेलं त्या उन्हाळ्यात तुम्ही मला शिकवायला बसवलंत. त्याआधी एक दिवस बीडला गेलात आणि येताना स्टँडवरून शुद्धलेखनाचं एक पातळ पुस्तक आणलंत. म्हणालात, "इंग्रजी गेलं तर जाऊ दे. आपली भाषा तरी नीट लिही. माझ्यावानी नको." ते पुस्तक अजून माझ्याजवळ आहे आणि त्याच्या जोरावरच मला कचेरीत घेतलं. पण बोटांची शाळा स्वयंपाकघरात भरायची. आई भाकरी थापतेय, धूर डोळ्यांत जातोय, तुम्ही पाटावर आणि मी तुमच्यासमोर, मध्ये रुमाल. तुम्ही माझी बोटं धरता आणि मी तुमच्या तोंडाकडे बघतो. "तोंडाकडं काय बघतोस? तोंड खोटं बोलतंय. हातानं आईक." मी मोजताना माझे ओठ हलतात. "ओठ हालले की सगळ्या मोंढ्याला कळलं बे." आई हसते. तिला रुमालाखालचं काही दिसत नाही, पण माझे ओठ वाचून ती तव्याजवळून भाव सांगते, आणि तो बरोबर असतो. तेव्हा तुम्हीही हसता.

एकदा माझा उजवा हात पिठानं भरलेला होता म्हणून मी डावा पुढे केला. तुम्ही तो असा झटकलात की मनगट दुखलं. मारलेलं नव्हतं, पण मला मारल्यासारखं लागलं. थोड्या वेळानं तुम्हीच समजावलंत, आवाज खाली आणून. रोज सकाळी आंघोळीनंतर गळ्यातलं इष्टलिंग काढून आपण डाव्या तळहातावर घेतो, त्याच्याकडे बघत बसतो. त्या हातानं भाव करायचा नाही. "उजवा मोंढ्याचा हाय," तुम्ही म्हणालात, "आन् डावा त्याचा. दोघांची गाठ पडू द्यायची न्हाई." मी तुम्हाला पुढे नीट बघत राहिलो. तुम्ही डाव्या हातानं कधी रुमालसुद्धा धरला नाहीत.

मग मोंढ्यात ती वरची खोली आली. बियाण्यांच्या दुकानावरचा जिना चढून गेलं की एक संगणक, गच्चीवर डिशची छत्री, आणि पडद्यावर तुरीचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचे भाव. आज पेरलेल्या, अजून शेंग न धरलेल्या तुरीचा भाव. सगळा कारभार सरकारमान्य होता, भिंतीवर परवाना लावलेला होता. तुम्ही सकाळी देवपूजा आटोपली की तिथं जाऊन नुसते उभे राहायचात. सौदा कधी केला नाहीत. मला मात्र एकदा हाताला धरून वर नेलंत आणि पडद्याकडे बोट करून म्हणालात, "हा पुढल्या महिन्यातला माणूस हाय. आज येऊन खुर्चीवर बसलाय आन् तिकडचं सांगतोय. सगळंच खरं सांगत न्हाई. पर तिकडून आलाय, येवढं खरं." मला त्या पडद्याची भीती वाटली होती. तुम्हाला सांगितलं नाही. अजून न आलेला दिवस तिथं आकडे होऊन लुकलुकत होता, आणि खाली रस्त्यावर लोक केळी खात उभे होते.

त्या वर्षी डाळ फार महाग झाली. टीव्हीवर रोज तेच. सरकारचं म्हणणं पडलं की वायद्यात सट्टा चालतो, त्यानं भाव चढतात. नवी तूर मोंढ्यात यायला लागली होती त्या थंडीत आदेश आला. नवे सौदे बंद, जे चालू आहेत तेवढे फक्त मिटवायचे. ती वरची खोली चालवणाऱ्या खोलीवाल्यानं तो कागद खाली आणला. इंग्रजीत होता. तुम्ही तो माझ्या हातात दिलात, माझं इंग्रजी गेलेलं आहे हे माहीत असून, आणि मी शब्दाला शब्द लावत, घाम पुसत वाचला. पडद्यावरची तुरीची ओळ अजून दिसत होती, फक्त तिच्यातले आकडे हलायचे थांबले होते.

घरी जेवताना तुम्ही त्याबद्दल चिडून बोललात. आई वाढत होती. ती म्हणाली, सरकारनं बरं केलं. "माझं वरण पातळ झालं तवा कुणी इचारलं न्हाई. पातेल्यात पाणी मी वाढवलं, तुमच्या त्या खोलीनं न्हाई." तुम्ही वाटी वर करून वरण पिऊन टाकलंत. ते खरंच पाण्यासारखं होतं. मग हात धुता धुता जे बोललात ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. म्हणालात, "त्याला खुर्चीवरून उठवलं खरं. पर तो जाणार कुठं? कुणाच्या तरी अंगात येऊन बसंल."

तुम्ही ते हसत म्हणालात की नाही, हे मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

त्यानंतर लोक तुम्हाला विचारायला लागले. पडदा गेला होता आणि घरात तूर होती. आता विकावी की पाडव्यापर्यंत धरावी, हे कुणाला तरी विचारायलाच हवं होतं. शिरूर कासारकडचा एक जण तर ट्रॅक्टर बाहेर उभा करून आपल्या ओसरीवर दुपारभर बसला. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिलंत, की माझा हात आजचा हाय, उद्याचा न्हाई. खोलीवालाही आला. त्याच्या खोलीत आता परवान्याशिवायचं चाललं होतं. पडद्याऐवजी तोंडी पैजा, पाडव्याच्या तुरीवर. पण पैज लावायला एक आकडा लागतो, सगळ्यांनी मानलेला, आणि तो रोज सकाळी तुम्ही द्यावा अशी त्याची मागणी होती. त्याला तुम्ही चहा पाजलात आणि हात जोडून वाटेला लावलंत. चपला घालताना तो म्हणाला, "तुमी न्हाई दिला तरी तुमच्या नावावर चालंल, अप्पा." मी दारात उभा होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. तुम्हाला ऐकू आलं का?

संक्रांत झाली आणि एका सकाळी आंघोळीहून येताना तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बीडच्या दवाखान्यात ठेवून परत आणलं ते पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर. डावा हात तेवढा शिल्लक राहिला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्या हाताच्या पकडीवर जाऊ नका. मेंदूला मार बसला की कधी कधी तळहाताला काही लागलं की बोटं आपोआप मिटतात. तान्ह्या लेकराची मिटतात तशी. त्यात त्यांची इच्छा असेलच असं नाही. मी तेव्हा मान हलवली. आईला ते सांगितलं नाही, कारण ती रोज सकाळी तुमचं अंग पुसून लिंग तुमच्या डाव्या तळहातावर ठेवायची, बोटं मिटायची, आणि ती म्हणायची, "बग, देवाला वळखतेत."

पहिल्यांदा अण्णा आले. तुमचे चौसाळ्याचे दोस्त, तुमच्याबरोबर आयुष्यभर मोंढा केलेले अडते. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी देवाशप्पथ सांगतो. थंडी होती म्हणून तुमचा हात चादरीखाली होता. त्यांनी चादरीत हात घालून तो धरला आणि रडले. बाहेर येताना मला म्हणाले, "जोर हाय अजून. माझी तीन बोटं धरली बग अप्पानी." दुसऱ्या दिवशी मोंढ्यात हेच त्यांनी चार जणांना आनंदानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत मोंढ्यात झालं होतं, की अप्पांनी पाडव्याच्या तुरीला तीन दिले.

मग माणसं यायला लागली. शहाळी घेऊन, केळी घेऊन, बिस्किटाचे पुडे घेऊन. चपला बाहेर काढायची, आईला विचारायची, जेवतेत का, झोप लागती का, आणि तोवर हात चादरीखाली गेलेला असायचा. मी खाटेच्या पायथ्याशी बसलेला. काही जण धरत आणि गप्प बसत, त्यांचं खरंच तुमच्यावर प्रेम होतं. पण बाकीच्यांची नजर बघितली की कळायचं. ते छताकडे बघायचे, खिडकीबाहेर बघायचे, पावसापाण्याचं बोलायचे, अगदी रुमालाखाली बोलतात तसं. एक पोरगेला खरेदीदार तर ओठ हलवत होता. मला त्याचा राग आला आणि लगेच माझीच लाज वाटली. खोलीवाला रोज यायचा. त्यानं आणलेला सफरचंदाचा खोका आई शेजाऱ्यांत वाटून टाकायची. प्रत्येकाला वेगळा आकडा मिळायचा, आणि तरी प्रत्येक जण समाधानानं जायचा. वरच्या खोलीत चर्चा व्हायची, की सकाळचा खरा की संध्याकाळचा. आणि तुम्ही, अप्पा, तुमचा डावा डोळा त्या वेळी कुठं तरी बघत असायचा. कधी माझ्याकडे. त्यातून पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले होते की पाणी येणारच.

तो हात उजवा असता तर मला इतका त्रास झाला असता की नाही, सांगता येत नाही. पण तो डावा होता. मोंढ्याचा हात मेला होता आणि मोंढा आता देवाच्या हाताला येऊन चिकटला होता. सकाळी त्यात लिंग ठेवलं जायचं आणि दुपारी खोलीवाल्याची बोटं. आणि तुम्ही जेवणावर बोललेलं ते वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. रात्री आई झोपली की मी तुमच्या तोंडाकडे बघत बसायचो, पुढल्या महिन्यातला तो माणूस तुमच्यात येऊन बसलाय का, हे बघत. तुम्ही झोपलेले असायचात. तोंड थोडं उघडं.

एका सकाळी पूजा झाल्यावर मी तुमचा डावा हात बाहेर काढला आणि चादरीवर ठेवला. मनगटाला लोकरीचं फडकं गुंडाळलं. चादर दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचली. आईला म्हणालो, आता कुणी आलं तर हात वरच राहील, सगळ्यांना दिसेल असा. ज्याला धरायचाय त्यानं उघड्यावर धरावा. मला वाटलं, मी उघड हर्राशीच लावली. तेव्हा मला ते फार बरोबर वाटलं होतं.

त्या दुपारी खोलीवाला आला, सोबत अण्णाही होते. खोलीवाला खुर्चीवर बसला, हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "थंडी हाय. हात आत घे की बे."

मी म्हणालो, "हात बाहेरच राहील."

"कावून?"

मी चादरीची खोच पुन्हा दाबली. त्यानं अण्णांकडे बघितलं. अण्णा घसा साफ करत उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी मायेनं म्हणाले, "पोरा, बाप तुझा हाय, खरं हाय. पर हात मोंढ्याचा हाय. तिकडं लोकं माल धरून बसलेत."

"मोंढ्याचा तो उजवा, अण्णा. हा देवाचा आहे."

अण्णांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. ते तुमच्या हाताकडे बघत उभे राहिले, जसं काही आत्ताच त्यांना डावा-उजवा कळला. तेही लिंगायतच. त्यांच्या गळ्यातही लिंग होतं. मग ते बाहेर गेले, आणि खोलीवाला त्यांच्या मागे. जाताना त्यानं सफरचंदं परत नेली. आई नंतर हसली त्यावर, पण थोडंच.

बातमी एका दिवसात पसरली. दुसऱ्या दिवशी दोघं आले, तिसऱ्या दिवशी एकही नाही. उघड्यावर धरायला कुणी येत नव्हतं. अण्णा एकदा आले आणि दाराजवळच्या पाटावर बसून गेले, हाताला हात न लावता. मला वाटतं त्यांना भीती वाटली, की धरलं तर मी त्यांना भाव घेणारा समजेन. ती भीती मीच घातली होती. आणि तुमचा हात चादरीवर पडून राहिला. अप्पा, तो उघडझाप करायचा. काही लागलेलं नसताना. बोटं वाऱ्यावर मिटायची आणि परत उघडायची, दिवसभर, शोधत असल्यासारखी. मी कडेला बसून बघायचो. दुपारी आई येऊन माझ्या शेजारी बसली आणि बराच वेळ तिनंही बघितलं. मग म्हणाली, "भाव घ्यायला येत होते, पर येत तर होते."

सकाळी लिंग ठेवलं की तेवढा वेळ बोटं शांत असायची. पूजा संपली की आई ते काढून परत तुमच्या गळ्यात घालायची, आणि मग ते उघडणं-मिटणं पुन्हा सुरू. एक दिवस मी हात लावून बघितला, बर्फासारखा गार. फडक्यानं काही होत नव्हतं. मी खोचलेली चादर सोडवली, हात आत घेतला, आणि माझाही हात त्याच्याबरोबर आत गेला. मी काही विचारायला घातला नव्हता. ऊब द्यायला घातला होता. तुमची बोटं माझ्या बोटांवर मिटली. पहिली दोन. धरून ठेवली, मग सोडली, मग सगळा पंजा. आणि मी मोजलं. ओठसुद्धा हलले असतील. मला मोजायचं नव्हतं, पण मोजून झालं होतं. माझ्याकडे एक आकडा होता. मोंढ्यात कुणाकडेच नसेल असा, सगळ्यात शेवटचा. त्याच दिवशी चार वाजायच्या सुमारास तुम्ही गेलात. माझा हात तेव्हा चादरीखाली नव्हता. मी भाकरी खायला उठलो होतो.

तुम्हाला मळ्यात पुरलं. बसवून, आपल्या रीतीनं. स्वामींनी लिंग तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत. इतके दिवस काहीही लागलं की मिटणारी बोटं, आणि आता ज्याच्यासाठी होती त्यालाच धरेनात. स्वामींनी ती एकेक करून मिटवली, मंत्र म्हणत. अण्णा माझ्याजवळ उभे होते, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांची बोटंही जराशी हलत होती.

पाडव्याला मी मोंढ्यात गेलो नाही. तूर किती झाली, ते कानावर येऊ दिलं नाही. कुणी बोलायला लागलं की उठून जायचो. आता कचेरीत मागच्या सगळ्या वर्षांचे भाव माझ्यासमोरच्या संगणकात आहेत, हव्या त्या दिवसाचे निघतात, आणि मी लोकांना काढून देतोही. तो एक दिवस मी कधी उघडला नाही. माझा आकडा जुळला तर तुम्ही शेवटच्या क्षणी माझ्या हातात मोंढा ठेवलात, असं होईल. नाही जुळला तर काय ठेवलंत, ते मला कळणार नाही. दोन्हीतलं कुठलंही मला सोसेल असं वाटत नाही.

लोक मलाही विचारतात. सोयाबीन धरू का, हरभरा काढू का, वायदा कधी सुरू होईल, पुढं काय दिसतंय. मी आजचा भाव सांगतो, त्याच्या पुढचं बोलत नाही. माझ्या मागे मला घुम्या म्हणतात. तुमच्यासारखा हात जोडून चहा पाजायला मला जमत नाही. कधी नवा आदेश मराठीत करताना मी मध्येच थांबतो. वाटतं, हा लिहिणारा कुणीतरी माणूसच असेल, दिल्ली-मुंबईच्या कुठल्यातरी खोलीत, आणि त्यालाही वाटत असेल की आपण एक हात चादरीखालून काढून उजेडात ठेवतोय. त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. आईचं वरण मला आठवतं. पण उजेडात ठेवल्यावर तो हात दिवसभर काय करत राहतो, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. मी बघितलंय.

आई बरी आहे. गुडघे दुखतात. अण्णा मागच्या वर्षी गेले. मी खांदा दिला. मोंढ्यात रुमाल आता कुणी टाकत नाही, सगळं पडद्यावर आहे, भाव लाल अक्षरांत फिरतात. तुमचा रुमाल कपाटात आहे, धुतलेला. हे पत्र त्याच्या घडीत ठेवावं असं मनात आलं होतं, पण मग ते आईच्या हाती लागेल. शुद्धलेखन तपासून झालं की फाडून टाकीन.

एक सांगायचं राहिलं. मला मुलगी झाली आहे, तीन महिन्यांची. दुपारी सुट्टीच्या दिवशी ती माझ्याशेजारी दुपट्यात झोपते, आणि झोपेत तिच्या तळहाताला माझं बोट लागलं की धरते. सगळी लेकरं धरतात, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला ते माहीत आहे. तरी तिनं धरलं की माझं मोजणं सुरू होतं, एक, दोन, आणि मी हळूच हात सोडवून घेतो. मग तिची मूठ उघडते, मिटते, परत उघडते.